कापड आणि कील : श्रोणिभंगाच्या स्थिरीकरणाचा इतिहास आणि गडहिंग्लज परिसर

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिताना नव्या शस्त्रक्रियांच्या आणि उपकरणांच्या तारखा क्रमाने मांडण्याची प्रथा आहे. अशा मांडणीत साध्या व स्वस्त गोष्टी आधी येतात आणि गुंतागुंतीच्या, महागड्या गोष्टी मागाहून येतात, असे बहुधा गृहीत धरलेले असते. कमरेच्या हाडांच्या, म्हणजेच श्रोणीच्या अस्थिभंगाचा इतिहास या गृहीताला छेद देतो. श्रोणीच्या हाडांत धातूच्या कीली बसवून त्या शरीराबाहेर चौकटीने जोडण्याचे तंत्र १९७०च्या दशकात स्थिरावले. दुखापत होताच रुग्णाच्या खुब्यांभोवती साधी चादर घट्ट गुंडाळावी, हा उपाय मात्र अस्थिशल्यचिकित्सेच्या नियतकालिकांत पद्धतशीरपणे मांडला गेला तो २००२ च्या सुमारास. चादर ही चौकटीनंतर पाव शतकाने आली.

हा उलटा क्रम कसा घडला आणि मोठ्या रुग्णालयांपासून साठ-सत्तर किलोमीटर दूर असलेल्या गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. विषय वैद्यकीय असला तरी प्रश्न इतिहासाचा आहे. एखाद्या काळाला कोणता रुग्ण दिसतो आणि कोणता दिसतच नाही, यावर त्या काळाचे उपचार ठरत असतात.

श्रोणीची रचना आणि धोक्याचे स्वरूप

श्रोणी हे एक कडे आहे. मागील बाजूस पाठीच्या कण्याखालचे त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना नितंबास्थी आणि पुढे जघनास्थींचा सांधा असे भाग बळकट बंधांनी एकमेकांशी जखडलेले असतात. काचेची बांगडी सहसा एकाच ठिकाणी तुटून राहत नाही, दोन ठिकाणी तुटते. श्रोणीच्या कड्याचेही तसेच आहे. पुढचा सांधा उघडला की मागचे बंधही बहुधा ताणलेले वा तुटलेले असतात. पुढील सांध्यातील अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक झाल्यास मागचे बंध तुटल्याचे अनुमान काढण्याचा प्रघात आहे.

हाड मोडल्याने माणूस सहसा मरत नाही. श्रोणिभंगात तो मरतो तो रक्तस्रावाने, आणि हा रक्तस्राव डोळ्यांना दिसत नाही. त्रिकास्थीसमोरील नीलांचे जाळे फाटते, मोडलेल्या हाडाचा स्पंजासारखा भाग पाझरत राहतो आणि उदरपोकळीच्या मागच्या सैल जागेत काही लिटर रक्त साठू शकते. धमनी फाटल्याची उदाहरणे तुलनेने कमी असतात. बहुसंख्य रुग्णांत स्राव नीलांतून व हाडांतून होतो. नीलेतील रक्ताचा दाब कमी असल्याने हाडांची हालचाल थांबली आणि गुठळी टिकली तर हा स्राव आटोक्यात येऊ शकतो. उलट रुग्णाला उचलताना, कुशीवर वळवताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरून नेताना मोडलेले तुकडे हलत राहिले, तर जमलेली गुठळी पुनःपुन्हा सुटते. कापड आणि कील या दोन्ही उपायांचे मूळ प्रयोजन ही हालचाल थांबवणे हेच होय.

सुश्रुतसंहितेतील दोन स्थळे

भारतीय परंपरेत या विषयाचा शोध घेऊ लागल्यास सुश्रुतसंहितेतील दोन स्थळे एकत्र वाचावी लागतात. निदानस्थानातील भग्ननिदानाच्या अध्यायात कोणते अस्थिभंग वैद्याने हाती घेऊ नयेत, हे सांगितले आहे. कटिभागातील चपट्या हाडाचा भंग, तेथील सांधा सुटणे आणि जघनप्रदेशाचा चुराडा यांचा त्यांत समावेश आहे. ग्रंथकाराने अशा रुग्णाला वर्ज्य ठरवले यात निष्ठुरता पाहणे योग्य नाही. जो रुग्ण कोणत्याही उपायाने वाचत नाही असा अनुभव आहे, त्याच्या बाबतीत वैद्याने खोटी आशा दाखवू नये, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ.

चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र वेगळे चित्र दिसते. तेथे मांडी व पोटरी यांच्या भंगासाठी कपाटशयन, म्हणजे फळीवरील शय्या, सांगितली आहे. फळीला पाच खुंट्या ठोकायच्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळव्याशी एक, आणि अवयव त्यांना असा बांधायचा की तो हलू नये. श्रोणी, पृष्ठवंश, छाती आणि गळ्याजवळची अक्षकास्थी यांच्या भंगांतही व सांधा सुटण्यातही हाच विधी करावा, असे पुढे म्हटले आहे. अर्थात एकाच ग्रंथात श्रोणीच्या काही दुखापती असाध्य आहेत आणि काहींना फळीवरील बंधन विहित आहे. पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत स्थिर व अस्थिर श्रोणिभंग असे जे वर्गीकरण झाले, त्याची पूर्ण जाणीव येथे आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरी सर्व श्रोणिभंग सारखे नाहीत हे निरीक्षण येथे निश्चित आहे.

त्याच अध्यायातील बंधनाविषयीची सूचना याहूनही उल्लेखनीय आहे. सैल बांधल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळल्यास त्वचेला सूज, वेदना व पाक होतो, म्हणून बंध मध्यम असावा, असे तेथे सांगितले आहे. थंडीच्या ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी आणि उष्ण काळी तीन दिवसांनी बंध बदलावा, असा कालक्रमही दिला आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू यांचा आधारासाठी उपयोग सांगितला आहे. कील तेथे आहे, पण ती फळीत ठोकलेली आहे. ती हाडात शिरायला फार मोठा काळ जावा लागला.

हाडवैद्य आणि मिशन रुग्णालय

कोल्हापूर संस्थानात कुस्तीच्या तालमींना जे स्थान होते त्यामुळे उतरलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मोडलेले मनगट बसवण्याचे कौशल्य लोकांत मुरलेले होते. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या आणि लेप एवढ्या साहित्यावर हाडवैद्याचे काम चालत असे. या परंपरेची थट्टा करण्याचे कारण नाही आणि तिचे उदात्तीकरण करण्याचेही नाही. हात-पाय हे अवयव धरता येतात, ओढता येतात, दुसऱ्या बाजूच्या अवयवाशी ताडून पाहता येतात. चुकले तर वाकडेपणा डोळ्यांना दिसतो आणि त्यातून कौशल्य वाढते. श्रोणी मांसाच्या जाड थराखाली असते आणि तिचा गंभीर रुग्ण काही तासांतच दगावतो. जो रुग्ण परत येऊन आपली चूक दाखवत नाही, त्याच्यापासून कोणतीही कारागिरी शिकू शकत नाही. कामट्या बांधण्यात निष्णात असलेल्या परंपरेत श्रोणीसाठी स्वतंत्र बंधन घडले नसेल, तर त्याचे कारण येथे शोधावे लागते.

पाश्चात्त्य शल्यचिकित्सा या भागात आली ती मुख्यतः दोन मार्गांनी. एक म्हणजे कोल्हापूरचे संस्थानी रुग्णालय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अल्बर्ट एडवर्ड यांच्या नावाने उभी राहिलेली ही संस्था पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांच्या तोंडी ती आजही ‘सीपीआर’ आहे. दुसरा मार्ग मिरजेचा. विल्यम जेम्स वॉन्लेस हे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. रेल्वेच्या जंक्शनमुळे मिरजेला दूरदूरचे रुग्ण येऊ लागले आणि हे गाव दवाखान्यांचे गाव बनत गेले. गडहिंग्लजला रेल्वे नव्हती आणि आजही नाही. त्यामुळे येथील जखमी माणूस बैलगाडीने, पुढे मोटारीने निघे. जो पोहोचे त्याचीच नोंद होत असे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कील हाडात शिरते

हाडाला शरीराबाहेरून धरण्याची कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली. फ्रेंच शल्यविशारद मालगेन याने १८४० च्या दशकात गुडघ्याच्या वाटीच्या भंगासाठी धातूचा पंजा वापरला. श्रोणीच्या कड्याचा पुढे व मागे असा उभा दुहेरी भंगही त्यानेच १८४७ च्या आपल्या ग्रंथात वर्णिला आणि तो भंग दीर्घकाळ त्याच्या नावाने ओळखला गेला. एकच माणूस दोन्ही गोष्टींशी निगडित असूनही त्याने त्या एकमेकींशी जोडल्या नाहीत, हा इतिहासातील एक चमत्कारिक योगायोग होय. १८९७ मध्ये डेन्व्हरच्या पार्कहिल याने आणि १९०२ मध्ये अँटवर्पच्या लँबोट याने हाडात स्क्रू बसवून ते बाहेरून जोडण्याची साधने पुढे आणली. १९३८ मध्ये जिनिव्हाच्या राऊल हॉफमन याने जी चौकट तयार केली, तिच्यात हाड बाहेरूनच जागेवर आणण्याची सोय होती. पुढील बहुतेक चौकटी तिच्याच वंशातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात अशा चौकटी वापरल्या गेल्या, परंतु कीलींच्या छिद्रांतून होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे त्यांविषयी अविश्वास निर्माण झाला. पेनिसिलिनोत्तर काळात फ्रान्समधील माँपेलिए येथील शल्यविशारदांनी हॉफमनच्या साधनाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. सोव्हिएत रशियात कुर्गान येथे इलिझारोव्ह याने १९५१ पासून तारा व कडी यांची स्वतंत्र पद्धत विकसित केली, ती मात्र पश्चिमेला तीन दशके जवळजवळ अज्ञातच राहिली.

या सर्व काळात श्रोणिभंगाचा रुग्ण काय करत होता? तो पलंगावर पडून होता. कॅनव्हासच्या झोळीत त्याची कंबर ठेवून झोळीची दोन टोके वरच्या दांड्याला उलटसुलट टांगली जात, म्हणजे शरीराच्या वजनानेच श्रोणी दोन्ही बाजूंनी दाबली जाई. सहा-सहा, आठ-आठ आठवडे हा मुक्काम असे. १९४८ मध्ये शेफील्डच्या होल्ड्सवर्थ याने ५० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्रिकास्थी व नितंबास्थी यांचा सांधा निखळलेल्या २७ रुग्णांपैकी १५ जण वेदनेमुळे कामावर परतू शकले नव्हते. शेफील्ड हे पोलाद आणि कोळशाचे शहर. माणूस पुन्हा अवजड कामाला जाऊ शकेल काय, हा तेथील शल्यविशारदाचा प्रश्न स्वाभाविक होता. पण तो प्रश्न वाचलेल्या माणसाविषयीचा आहे. वाटेत मेलेला माणूस या ५० मध्ये नाही.

१९७५ मध्ये हेलसिंकीच्या पेंटी स्लेटिस व त्यांच्या सहकाऱ्याने श्रोणीसाठी समलंब आकाराची दाबचौकट प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंच्या नितंबास्थीच्या कडेत कीली बसवायच्या आणि पोटासमोर दांड्यांनी त्या जोडून कडे मिटवायचे, असा तिचा विधी. रुग्णाला महिनोन्महिने झोळीत ठेवण्याची गरज यामुळे बरीच कमी झाली. चौकटीच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. तिची पकड पुढच्या बाजूला असते. मागचा भाग पूर्ण सुटून एक बाजू वर सरकली असेल तर केवळ पुढच्या चौकटीने ती रोखता येत नाही, तेथे पुढे मागच्या बाजूच्या पट्ट्या व स्क्रू यांचा अवलंब करावा लागला. १९९१ मध्ये बर्नच्या गँझ याने मागच्या भागावर थेट दाब देणारा चिमटा वर्णिला. तो प्रभावी होता, पण चुकीच्या जागी बसल्यास घातकही होता. त्यामुळे तो अनुभवी हातांपुरताच राहिला.

महाराष्ट्राचा या प्रवासातील वाटा वेगळ्या अंगाने महत्त्वाचा आहे. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, दांड्या आणि जोडचकत्या यांची जी बाह्य स्थिरीकरण पद्धती विकसित केली, ती ‘जेस’ या नावाने देशभर परिचित झाली. ती हाताची लहान हाडे, पाऊल आणि जन्मजात वाकडे पाऊल यांसाठी आहे, श्रोणीसाठी नव्हे. परंतु बाह्य चौकट ही परदेशातून मागवण्याची दुर्मीळ वस्तू असावी लागत नाही, ती येथील कारखान्यात बनू शकते आणि सामान्य रुग्णालयात वापरता येते, हा विश्वास तिने दिला. मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेल्या १९९९ च्या अस्थिशल्यचिकित्सेच्या बृहद्ग्रंथात जोशी व सहकाऱ्यांचे या पद्धतीवरील प्रकरण समाविष्ट आहे. मिशन रुग्णालयाच्या गावातून शंभर वर्षांनी देशपातळीवरचा पाठ्यग्रंथ निघावा, ही दक्षिण महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासातील नोंद घेण्यासारखी घटना होय.

चादर मागाहून का आली?

१९७०च्या दशकापर्यंत शल्यविशारदाचे जग रुग्णालयाच्या दारापासून सुरू होत असे. ते दार पुढे सरकले ते रुग्णवाहिका हा उपचाराचा भाग मानला जाऊ लागल्यावर. १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का येथे विमान अपघातात सापडलेल्या जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाला लहान गावातील रुग्णालयाच्या अपुऱ्या उपचारांचा अनुभव आला. त्यातून १९७८ मध्ये पहिल्या तासातील उपचारांचा तो अभ्यासक्रम सुरू झाला जो आज जगभर शिकवला जातो. रुग्ण मोठ्या शहरात पोहोचण्यापूर्वी काय होते, हा प्रश्न एका ग्रामीण रुग्णालयातून निघाला, हे विशेष.

वाटेवर कड्याला दाबून धरण्याचा पहिला व्यापक प्रयोग हवेने फुगवण्याच्या विजारीचा होता. व्हिएतनाम युद्धात वापरलेली ही विजार नंतर नागरी रुग्णवाहिकांत आली. १९८९ मध्ये ह्यूस्टनमधील ९११ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात तिच्यामुळे लाभ न होता मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे दिसले आणि तिचा वापर ओसरला. आयते, प्रभावी दिसणारे साधन मोजमापाच्या कसोटीला उतरेलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण. त्यानंतर १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधून रुग्णवाहिकेत बांधण्याच्या पट्ट्याचा अहवाल आला. २००२ मध्ये सिअ‍ॅटलच्या राऊट व सहकाऱ्यांनी घडी घातलेली साधी चादर श्रोणीभोवती गुंडाळून, गाठ न मारता चिमट्यांनी पक्की करण्याची रीत वर्णिली. त्याच वर्षी बॉटलांग व सहकाऱ्यांनी कडे मिटवण्यासाठी पट्ट्याला किती ताण लागतो हे मोजले. तो सुमारे १८० न्यूटन, म्हणजे साधारण अठरा किलो वजन उचलण्याइतका निघाला. दोन माणसांनी समोरासमोर ओढल्यास हा ताण सहज मिळतो. आयते पट्टे बाजारात आले ते याच सुमारास. ठरावीक ताणाला आपोआप थांबणारी कडी हे त्यांतील काहींचे वैशिष्ट्य.

या उपायाचे सैद्धांतिक समर्थनही काळानुसार बदलले आहे. कडे मिटले की श्रोणीचे घनफळ कमी होते आणि साठलेले रक्तच स्रावाला दाबून धरते, असे आरंभी मानले जाई. पुढील अभ्यासांत घनफळातील फरक समजला गेला त्यापेक्षा कमी असल्याचे आणि उदरामागची जागा बंदिस्त नसल्याचे दिसले. आता हालचाल थांबून गुठळी टिकणे याला अधिक महत्त्व दिले जाते. या बंधनामुळे किती मृत्यू टळतात, याचे निर्विवाद उत्तर कोणत्याही मोठ्या यादृच्छिक चाचणीने दिलेले नाही. तरीही उपाय स्वस्त, तत्काळ करता येणारा आणि अल्प धोक्याचा असल्याने तो सर्वत्र स्वीकारला गेला. अभ्यासकाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य केल्या पाहिजेत.

गडहिंग्लजपासूनचा रस्ता

गडहिंग्लज हे हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील, मराठी-कन्नड सीमेवरचे तालुक्याचे गाव. संकेश्वरहून आजरा, आंबोलीमार्गे बांद्याकडे जाणारा रस्ता येथून जातो. तो आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. ऊसगाळपाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, या भागातील रस्त्यांवर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर यांची रांग असते. श्रोणिभंगाचे शास्त्रीय वर्गीकरण दुखापतीच्या दिशेवरून होते आणि या परिसरातील जीवनात त्या सर्व दिशा आढळतात. दुचाकीला बाजूने धडक बसली की कडे आत दबते. ट्रॉली आणि भिंत यांच्यामध्ये माणूस समोरून चेंगरला किंवा चाक अंगावरून गेले की ते पुस्तकासारखे उघडते. विहिरीत वा झाडावरून पायांवर पडले की एक बाजू वर सरकते. बंधनाचा सर्वाधिक उपयोग दुसऱ्या प्रकारात होतो. पहिल्या प्रकारात वाजवीपेक्षा अधिक आवळणे अपायकारक ठरू शकते. रस्त्यावर प्रकार ओळखता येत नाही, म्हणून बंध कडे जागेवर येईल एवढाच घट्ट ठेवावा लागतो. सुश्रुतसंहितेतील मध्यम बंधाची सूचना येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

येथील जखमी माणसाची दिशा एकच नसते. कोल्हापूर, मिरज आणि बेळगाव असे तीन पर्याय असतात. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे, बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. कोल्हापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास मात्र एकविसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला, पण जवळचे मोठे रुग्णालय बेळगावलाच राहिले. प्रशासकीय सीमा आणि रुग्णाची वाट यांचा मेळ बसत नाही, हे या भागाचे जुने दुखणे आहे. या तिन्ही वाटांच्या आरंभी गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आहे. आजरा, चंदगड, नेसरी या बाजूंनी येणाऱ्या जखमीच्या दृष्टीने ते वाटेवरचे पहिले मोठे ठिकाण होय. श्रोणीची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया उपजिल्हा पातळीवर अपेक्षित नाही. श्वासमार्ग, शिरेतून द्रव व रक्त, बंधन आणि पुढे पाठवणे एवढी अपेक्षा तेथे असते, आणि रुग्णाचे भवितव्य बव्हंशी त्यावरच ठरते.

कायद्याची व व्यवस्थेची चौकटही हळूहळू याच पहिल्या तासाभोवती उभी राहिली आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. पोलिसी सोपस्कारांची वाट पाहण्याची सबब त्यामुळे उरली नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायदेशीर व्याख्या दिली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. पैसा आणि वाहन यांची तरतूद अशा रीतीने कागदावर झाली आहे. बंधन नेमके कोठे बांधायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही अधिसूचनेने सुटणारा नाही.

‘कंबर’ या शब्दाची अडचण

मराठीत श्रोणी हा शब्द ग्रंथापुरता आहे. बोलताना आपण ‘कंबर मोडली’ म्हणतो. शास्त्रीय परिभाषेतील ‘श्रोणिमेखला’ हा शब्दही मेखलेची, म्हणजे कमरपट्ट्याची आठवण करून देतो. करदोटा, कमरपट्टा, पदर खोचण्याची जागा, बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत, या सर्वांत कापड वा दागिना बसतो तो बरगड्या व नितंबास्थीची कड यांच्या आसपास. त्यामुळे ‘कंबर बांधा’ असे सांगितले तर बांधणाऱ्याचे हात आपोआप तेथे जातात. ती जागा चुकीची आहे. तेथे आवळल्यास पोट दाबले जाते आणि उघडलेले कडे मिटत नाही, क्वचित अधिकच उघडते. पट्टा हवा तो वीतभर खाली, मांडीच्या हाडाचा जो उंचवटा बाजूला हाताला लागतो, ज्याला सामान्य माणूस खुबा म्हणतो, त्या पातळीवर.

ही चूक केवळ अडाण्यांची नाही. अफगाणिस्तानातील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात आलेल्या १६७ जखमींच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित सैनिकी परिचारकांनी बांधलेल्या पट्ट्यांपैकी निम्मेच योग्य पातळीवर होते. सुमारे ३९ टक्के पट्टे वर बसलेले होते, आणि अशा रुग्णांत पुढील सांध्याचे अंतर योग्य जागी बांधलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट राहिले होते. वस्तू हाताशी असणे आणि तिचा उपयोग होणे यांतील अंतर या आकड्यांत स्पष्ट दिसते. ‘कमरेला बांधा’ ऐवजी ‘खुब्यावर बांधा’ असे म्हणणे, एवढा शब्दबदलही येथे उपचाराचा भाग ठरतो. आरोग्यविषयक परिभाषेचे मराठीकरण करणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावयास हवा.

विधीत अवघड असे काही नाही. चादरीची वा धोतराची रुंद, सुरकुती नसलेली घडी गुडघ्यांच्या मागच्या पोकळीतून सरकवत खुब्यांपर्यंत न्यायची, म्हणजे रुग्णाला कुशीवर वळवावे लागत नाही. गुडघे एकत्र बांधून पावले किंचित आत वळवली की बंधाला मदत होते. मोडले आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही हातांनी कंबर दाबून वा हलवून पाहण्याची जुनी सवय सोडावी लागते, कारण त्या एका तपासणीने जमलेली गुठळी सुटू शकते. नऊवारी लुगडे लांबीला पुरेसे असते. जाड सोलापुरी चादर मात्र नीट आवळली जात नाही.

बंधन हे तात्पुरते आहे, हेही तितकेच खरे. चोवीस तासांच्या पलीकडे ते तसेच ठेवल्यास खुब्यावरील कातडीला दाबव्रण होण्याचा धोका वाढतो. तेवढ्या अवधीत चौकट वा अन्य स्थिरीकरण व्हावे, अशी शिफारस आहे. कापडाने कीलेची जागा घेतलेली नाही, कील बसेपर्यंतचा अवधी मात्र त्याने मिळवून दिला आहे. याखेरीज एक सूक्ष्म अडचण अलीकडच्या काळात लक्षात आली. बंध उत्तम बसला असेल तर कडे इतके नेमके मिटते की क्ष-किरण चित्रात श्रोणी धडधाकट दिसते आणि दुखापत नसल्याच्या समजुतीने बंध सोडला जातो. म्हणून पहिले चित्र निर्दोष दिसले तरी रुग्ण स्थिरावल्यावर, रक्ताची तयारी ठेवून, बंध सैल करून पुन्हा एकदा चित्र घेण्याची पद्धत पडली आहे. गडहिंग्लजहून निघालेल्या रुग्णाचा बंध कोल्हापूर, मिरज वा बेळगाव येथे दुसराच डॉक्टर सोडणार असतो. त्याला बंध केव्हा बांधला, कोणी बांधला आणि बांधण्यापूर्वी रुग्णाची नाडी व रक्तदाब काय होता, हे कळण्याचे साधन म्हणजे सोबत पाठवलेली चिठ्ठी. पुष्कळदा ही वेळ चादरीवरच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिली जाते.